भिंतीवर गेरूचे ठिपके

आधी माझ्या गंगाजलचं सांगते, मग माझ्या दुखण्याचं. ती नसती तर माझी मुलगी उरली नसती, आणि मुलगी उरली नसती तर मीही कशाला उरले असते?

गंगाजल हे काही तिचं नाव नव्हे. तिचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही, तोंडानंही घेत नाही. तिच्या माहेराकडे, डोंगरगडच्या बाजूला, दोन बायका गंगाजल बदतात. एकीनं दुसरीच्या जिभेवर गंगेच्या पाण्याचे थेंब सोडायचे, कुंकू लावायचं, नारळ फोडायचा. त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या गंगाजल. नाव घेणं बंद, ते मरेपर्यंत. नवऱ्याचं नाव उखाण्यात तरी घेता येतं, गंगाजलचं तेवढंही नाही.

दुसरी गोंदियाच्या रेल्वे दवाखान्यातली सिस्टर. तिचे उपकारही मोठे आहेत. पण सिस्टर स्वतःच म्हणायची, "माझं मनावर घेऊ नका बाई, मला त्याचा पगार मिळतो." गंगाजलला कसला पगार मिळत होता?

आम्ही कोकणातले. माझं शिक्षण मराठी तिसरी. चौथीत गेले आणि आईला जुळं झालं, मग पाटी कोनाड्यात गेली ती गेलीच. लग्नानंतर ह्यांना रेल्वेत रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याची नोकरी लागली, ती थेट गोंदियाजवळच्या सौंदडला. छोट्या लाइनीचं छोटं स्टेशन, लाल कौलांची दोन क्वार्टरं, आणि चारी बाजूंनी धानाच्या बांध्या. पहिलं वर्ष मी रडून काढलं. मग हळूहळू ध्यानात आलं की इथेही भातच पिकतो, फक्त त्याला धान म्हणतात आणि खाचराला बांधी. समुद्र नाही, पण तळी आहेत आणि तळ्यात मासळी आहे. बायका तोंडावर बोलतात, पण पाठीमागे बोलत नाहीत. एवढ्या आधारावर माणूस राहू शकतो.

मुलगी झाली ती संक्रांतीनंतर. उन्हाळा संपता संपता माझ्या डाव्या अंगाला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तर कुणाला काही वाटलं नाही. गावातल्या बायका म्हणाल्या, दूध गोठलं. एरंडाची पानं तापवून बांधा. मी बांधली. एकीनं सांगितलं, लेकराला त्याच अंगाला जास्त लावजो, ओढून ओढून गाठ विरघळून जाईल. मी तेही केलं. सगळ्यांनी चांगल्या मनानं सांगितलं होतं, त्यांच्या आईनं त्यांना सांगितलेलंच सांगितलं होतं. पण नंतर माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत राहिला. ज्या अंगात तो रोग होता, तिथलंच दूध मी बाळाला मुद्दाम जास्त पाजलं.

बाळाला देवी टोचायला गोंदियाला नेलं, तेव्हा सिस्टरनं सहज विचारलं, "आई कशी आहे?" मी गाठीचं बोलले. तिनं बोटांनी चाचपलं, पुन्हा एकदा चाचपलं. तिचं नगरकडचं बोलणं मला एरवी फार आवडे. त्या दिवशी ती फक्त एवढंच म्हणाली, "उद्याच्या उद्या नागपूर. बाळाला घरी ठेवून."

नागपूरला ऑपरेशन झालं. डावी बाजू गेली. रोगाचं नाव मी ह्यांच्या तोंडून नाही, वॉर्डातल्या झाडूवालीच्या तोंडून ऐकलं. डॉक्टर म्हणाले, जखम भरली की विजेचा शेक घ्यायचा, तो पुरा करायचा, मध्ये सोडायचा नाही. आणि बाळाला अंगावर पाजायचं नाही. आता कधीच नाही.

घरी परतले तर बाळ ओळखू येईना. पावसाचे दिवस. बाटली ती तोंडात धरत नव्हती. शेळीचं दूध चमच्यानं घातलं की ओकायची, नाहीतर जुलाब व्हायचे. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. रडण्याचा आवाजसुद्धा बारीक झाला होता, मांजराच्या पिलासारखा. माझी उरलेली बाजू भरून येई आणि चोळी भिजे, आणि मी भिंतीकडे तोंड करून बसे. सिस्टरनं पट्ट्यानं घट्ट बांधून दिलं होतं दूध आटवायला. बाळ रडलं की त्या पट्ट्याखाली आग व्हायची.

अशात एके दिवशी ती दारात आली. आमच्या क्वार्टरच्या मागे ज्यांच्या बांध्या होत्या, त्या घरची सून. तोवर विहिरीवर चार शब्दांची ओळख होती. तिचं पहिलं लेकरू त्याच पावसाळ्यात तापानं गेलं होतं, हे मला माहीत होतं. तिला काय बोलावं ते न समजून मी तिला टाळतही होते. ती सरळ आत आली, झोळीत वाकून बघितलं आणि माझ्यावर ओरडली.

"मारून राहिली का पोट्टीले?"

मी रडायला लागले.

"रडतेस कायले? दे इकडं."

आणि तिथेच, चुलीपाशी, भिंतीला टेकून ती बसली. बाळानं आधी तोंड फिरवलं. मग एकदम पकडलं. तो घटाघट गिळण्याचा आवाज मी आजही ऐकू शकते. मी समोर बसून तो आवाज ऐकत होते. माझा जीव निवत होता आणि तुटतही होता. ती बाळाकडे बघत नव्हती, छताकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. दोघी रडत होतो, फक्त बाळ रडत नव्हतं.

संध्याकाळी हे ड्यूटीवरून आले. ह्यांना कोकणातली रीत ठाऊक, कुणाचं फुकट घ्यायचं नाही. ह्यांनी दाराशी उभं राहून तिला विचारलं, "बाई, महिन्याला काय द्यायचं ते सांगा."

ती उठली. बाळ माझ्या मांडीवर टाकलं. "मी का गाय आहो, भाऊ?"

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. ती तरातरा निघून गेली. बाळ तोवर झोपलं होतं, पण मला धास्ती, आता उद्या काय? अख्खी सकाळ मी दाराकडे बघत काढली. ती आली ते हातात झाकणाला लाख लावलेली पितळेची लहान लोटी घेऊन. तिच्या आज्यानं काशीहून आणलेलं पाणी त्यात होतं. म्हणाली, "दूध का विकाची चीज आहे? मोलानं पाजीन तं मी तुही मोलकरीण. गंगाजल बदू, मंग पोट्टी माहीबी झाली. मंग कोनाच्या बापाले विचारा लागत नाही."

मला त्यातलं अर्धंच कळलं. जीभ बाहेर काढ म्हणाली, मी काढली. थेंब पडले. मग मी तिच्या जिभेवर सोडले, उजव्या हातानं, कारण डावा उठत नव्हता. ह्यांनी नारळ फोडला, तो नेमका सडका निघाला.

"अव माय!" ती हसत सुटली. "तुहा नवरा तं नारळबी पाहून आणत नाही!"

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा. टाके ओढले गेले, पण हसले.

तिच्या सासूला हे रुचलं नाही. ती म्हातारी वाईट नव्हती. एक नातू नुकताच पुरलेला, आता सुनेचं काही झालं तर, एवढीच तिची भीती. ती आमच्या अंगणात येऊन मला ऐकू जाईल असं बोलली, "ते रोगाचं लेकरू आहे. तोंडातून रोग लागल तुले."

गंगाजल म्हणाली, "लागू द्या. माह्या दुधाचं काय, त्याचं लोनी काढू का आता?"

मी सिस्टरला विचारलं, डॉक्टरांना विचारलं. दोघंही म्हणाले, असं काही होत नाही. पण ते सांगून माझी भीती गेली नाही. मी रोज गंगाजलच्या अंगाकडे चोरून बघायची, कुठे गाठ तर नाही ना. डॉक्टरांनी एकदा विचारलं, "बाळाला कोण पाजतं? नाव काय त्या बाईचं?" मी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. मी खाली मान घालून गप्प. शेवटी ते नर्सला हिंदीत म्हणाले की हिला समजत नाही. समजत होतं, पण त्यांना कसं सांगू की ते नाव माझ्या तोंडाला बंद आहे!

जखम चिघळली, म्हणून शेक सुरू व्हायला दिवाळी उलटली. पास होता, तरी सौंदडहून रोज नागपूर होण्यासारखं नव्हतं. सोमवारी छोट्या गाडीनं गोंदियाला जायचं, सिस्टरच्या क्वार्टरमध्ये मुक्काम करायचा, तिथून आठवड्यात दोनदा मोठ्या गाडीच्या बायकांच्या डब्यात बसून नागपूर. शनिवारी परत सौंदड. बाळ सगळा वेळ गंगाजलकडे.

शेकाच्या खोलीचं दार लोखंडी आणि जाड. आत एकटीला टेबलावर झोपवायचे, "हलू नका बाई" म्हणायचे आणि सगळे बाहेर पळायचे. चांगली गोष्ट असती तर पळाले कशाला असते? यंत्र घूं घूं करायचं. मी मुठीत बाळाचं टोपडं धरून पडायची. पहिल्या शेकानंतर मला वाटलं, ती वीज टोपड्यात शिरली असेल. मी ते गोंदियाला धुतलं, सौंदडला पुन्हा धुतलं, तरी बाळाच्या डोक्याला लावलं नाही. आणि मलाही वाटे, माझ्याच अंगात ती वीज असेल. शनिवारी घरी आले की बाळापासून हातभर लांब बसायची. सिस्टरनं मला चांगलं झापलं. "अहो, तुम्ही काय तारेचा खांब आहात? घ्या पोरीला!" पण घेऊ कशी? छातीची कातडी भाजून काळी पडलेली, हात खांद्याच्या वर जात नाही. आणि बाळ माझ्याकडे बघे ते पाहुण्या बाईकडे बघावं तसं. मी हात पुढे केला की गंगाजलच्या पदरात तोंड लपवी. मग पोर त्या पदरातून एक डोळा काढून मला बघायची. तेवढ्या एका डोळ्यावर मी पुढचा आठवडा काढायची.

त्या दिवसांत मला एकच हवं होतं. आधी वाटे जगावं, मग ते मागणंही लहान झालं. एकदा, फक्त एकदा, पोरीनं आपणहून माझ्याकडे यावं आणि मी तिला दोन्ही हातांनी उचलून घ्यावं. मग काय व्हायचं ते होवो.

हात उठावा म्हणून डॉक्टरांनी एक व्यायाम सांगितला होता. भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चढवायची. दुखतं म्हणून मी अर्ध्यातून सोडायची. गंगाजलनं काय केलं, वाटीत गेरू कालवून आणला. माझी बोटं जिथवर जात तिथे भिंतीवर एक ठिपका.

"पुढल्या शनवारी याच्या वरता गेली पायजे. नाही गेली तं पोट्टी पाहाले नाही देत."

छतातल्या कडीला झोळीचा दोर होता. त्याची गाठ तिनं मला दाखवली. "तेथवर हात गेला का मंग तू झोळी बांधशील, सोडशील. तवा खरी माय."

बोलणं असं टोचणारं. पण मी सोमवारी गाडीत बसले की सिस्टरच्या भिंतीवर, वेटिंग रूमच्या भिंतीवर, नागपूरच्या दवाखान्याच्या भिंतीवर माझी बोटं चढायला लागली. सौंदडच्या भिंतीवर ठिपके वर वर गेले. एकदा रेल्वेचे साहेब क्वार्टर बघायला आले. "ये दीवार किसने खराब किया?" ह्यांनी सांगितलं, "साहेब, आमच्यात बाळाच्या वाढदिवसाला काढतात." साहेबांना काय, त्यांनी मान हलवली.

आता एक सांगते, ते कुणाला विचित्र वाटेल. ते दिवस सगळेच वाईट नव्हते. शेकानं तोंडाची चव गेली होती, अन्नाचा वास आला की पोटात ढवळे. अशात एका शनिवारी गंगाजलनं नव्या तांदळाची पेज दिली, मिठाचा खडा घालून, वर पोपटाच्या, म्हणजे वालासारख्या, शेंगांचे दाणे. माझ्या आईकडे सकाळी अशीच पेज असायची. पहिला घोट घेतला आणि चव आली. मी वाटी दोन्ही हातांत धरून बसले. डावा हात वाटीपर्यंत आलाय हे मला नंतर कळलं. मग गोंदियाच्या फलाटावरचा कुल्हडातला चहा. गाडीच्या खिडकीतून पाठीवर येणारं थंडीतलं ऊन. बांधीत उभी असलेली सारसाची जोडी, माणसाएवढी उंच, गाडीला न भिता मान वळवून बघणारी. ह्यांचं माझी वेणी घालणं, आणि ती दर वेळी वाकडी होणं. आजारपणाआधी हे सगळं होतंच, पण मी कधी बघितलं होतं? मरणाच्या भीतीनं माणसाचे डोळे उघडतात म्हणतात. मला वाटतं डोळे उघडत नाहीत. माणूस नुसतं हावरं होतं.

मार्गशीर्ष सरत आला तशी सिस्टरच्या घरी नाताळची गडबड सुरू झाली. मला वाटलं होतं, ख्रिस्ती लोकांचं सगळं वेगळं असेल. बघते तर करंज्या, चकल्या, शेव. "मग काय आम्ही विलायतेतून आलोय?" सिस्टर म्हणाली. "नगरच्या आहोत नगरच्या. सारण जरा दाबून भरा." तिनं मला करंज्यांना मुरड घालायला बसवलं. उजव्या हातानं मुरड, डाव्यानं नुसतं धरायचं. माझ्या मुरडी बघून ती म्हणाली, "तुमच्या करंज्या बघून येशूसुद्धा जरा थांबून हसेल." तिच्या नवऱ्यानं बांबूच्या काड्यांना पतंगाचा कागद लावून चांदणी केली होती. आत दिवा ठेवला की लाल-पिवळा उजेड भिंतीवर पडायचा. कॉलनीतून कुठून कुठून केकचा वास यायचा. मला मळमळलं नाही. मी तो वास नाक भरून घेतला.

त्याच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, नाताळच्या आदल्या दिवशी शेवटचा शेक, मग दर थोड्या महिन्यांनी तपासायला यायचं. आणि ह्यांनी नागपूरजवळ बदलीचा अर्ज टाकला होता, तो मंजूर झाला. नव्या वर्षात तिकडे हजर व्हायचं. मला तपासणीला जवळ पडावं म्हणून ह्यांनी साहेबांच्या विनवण्या केल्या होत्या. कुणाला दोष देणार? हे सांगताना ह्यांचाही आवाज बसला होता.

गंगाजलला ते ह्यांनीच सांगितलं, मी गोंदियाला असताना. ती काय म्हणाली म्हणून मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "काही नाही म्हणाली. 'बरं' म्हणाली आणि खळ्यावर धान चुरायला, मळणीला गेली."

शेवटचा शेक झाला. यंत्राचं घूं घूं बंद झालं, दार उघडलं, आणि मी उठून बसले. वाटलं होतं आनंद होईल. उलट भीतीच वाटली. इतके दिवस ती वीज रोगाशी भांडत होती, आता माझ्या वतीनं कोण भांडणार? नर्सनं मला चोळीचे बंद बांधायला मदत केली आणि म्हणाली, "जा बाई, सण आहे, घरी जा."

नाताळच्या सकाळी सिस्टर प्रार्थनेला जायच्या घाईत होती, तरी स्टेशनवर आली. कागदात बांधलेला केकचा तुकडा आणि ती चांदणी माझ्या हातात दिली. "पोरीला द्या. आणि तुम्ही परत माझ्या दवाखान्यात दिसलात ना, तर बघा." असं म्हणून तिनं माझ्या गालाला हात लावला. छोटी गाडी डुलत डुलत निघाली. मी चांदणी मांडीवर धरली होती. डब्यातल्या बायका विचारत होत्या, "ये क्या है बाई?" मी म्हणत होते, "सितारा, लडकी के लिए."

सौंदडला उतरले. क्वार्टरचं दार उघडं. अंगणाच्या कडेला गंगाजलच्या घरचं खळं, धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे अर्धे उरलेले, तणसाचा ढीग. बाळ आमच्याच उंबऱ्याशी बसलं होतं. शेजारी म्हातारी सासू. बाळ हमसून हमसून रडत होतं, रडून रडून तोंड लाल झालेलं. मी चांदणी खाली ठेवली. एरवीसारखी हातभर लांब बसले. वाटलं, आता मला बघून आणखी रडेल.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग खळ्याकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. आणि रांगत आली. सरळ माझ्याकडे. माझ्या लुगड्याला धरून उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

मी उचललं. दोन्ही हातांनी. कातडी ओढली गेली, दुखलं, पण हात गेला. तिनं माझ्या मानेत तोंड खुपसलं. उजव्या खांद्याच्या बाजूला, जिथे काही भाजलेलं नव्हतं. तिला जणू माहीत होतं. तिचं जावळ ओलं होतं, त्याला दुधाचा आणि तणसाचा वास येत होता. इतके महिने जे मागितलं ते मिळालं. मी तिचा पापा घेतला, तोंडाचा, ओठांचा.

माझ्या ओठांना कडू लागलं.

जहर कडू. मी जीभ फिरवली. निंबाचा पाला. मला एकदम कळलं. आमच्या कोकणातही लेकरू दुधावरून तोडायचं असलं की बायका अंगाला हेच लावतात.

मी सासूकडे बघितलं. म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. "तीन दिसांपासून लावून राहिली. पोट्टी येते, तोंड लावते, थुकते, रडते. आन ही हासते. म्हंते, पाहा, मी कडू झाली."

मी बाळाला कडेवर घेऊन खळ्यावर गेले. गंगाजल पाठमोरी होती, बैलांच्या मागे चालत होती. तिच्या हातांना हिरवा रंग लागलेला मला दिसला.

"गंगाजल."

ती थांबली नाही. बैल फिरवत म्हणाली, "आली का? झाला शेक?"

"झाला. हे काय केलंस?"

"कायले विचारतेस? जाऊन नाही राहिल्या तुम्ही?" मग एक फेरा पुरा झाल्यावर थांबली. बाळानं तिला बघून माझी मान आणखी घट्ट धरली. तिनं ते बघितलं. तिचा चेहरा मी काही लिहू शकत नाही. म्हणाली, "दोन माय असन तं एक कडू लागनच. तू कडू लागली असती तं चाललं असतं का?"

मी कमरेला खोचलेला केकचा कागद सोडला. केकचा तुकडा मोडून बाळाच्या तोंडात घातला, तिच्या तोंडातलं कडू जावं म्हणून. तिनं आधी तोंड वाकडं केलं, मग चाखलं, मग पूर्ण हात तोंडात घातला. गंगाजलला मी एक तुकडा दिला. तिनं खाल्ला आणि म्हणाली, "गुळाचा आहे का? बरा आहे." आणि पुन्हा बैल हाकायला लागली.

संध्याकाळी मी चांदणी छतातल्या कडीला बांधली. झोळीच्या दोराशेजारी. शेवटचा गेरूचा ठिपका खाली राहिला होता. गंगाजल ते बघायला आली नाही, म्हणून हात पोचला तिथला नवा ठिपका लावायचा राहूनच गेला.

आम्ही निघालो त्या दिवशी ती स्टेशनवर आली नाही. आधीच सांगितलं होतं, येणार नाही. आणि गंगाजलला 'ये' म्हणून विनवायची रीत नाही म्हणे, येईल तेव्हा येईल. गाडी सुटली. छोटी गाडी तिच्या बांध्यांना खेटून जाते. धान निघालेल्या बांधीत लाखोळी फुलली होती, निळी निळी. ती धुऱ्यावर, दोन बांध्यांमधल्या बांधावर उभी होती. खिडकीत बाळानं तिला बघितलं आणि काय झालं कुणास ठाऊक, सगळं कडू विसरून ती तिच्याकडे हात पसरून किंचाळली. गंगाजलनं हात हलवला नाही. तिनं पदर पुढे ओढून छातीशी दोन्ही मुठींत घट्ट धरला. तिनं तसं का धरलं, हे मला कुणी समजावायला नको. बाळ रडलं की काय होतं, आणि ते पट्ट्याखाली कसं जळतं, हे मला माहीत आहे. तिला पट्टा बांधून द्यायलाही तिथे कोणी नव्हतं.

आता माझी मुलगी शाळेत जाते. पाटी कोनाड्यात ठेवायची वेळ मी तिच्यावर येऊ दिलेली नाही. तपासणी चालू असते. आदल्या दिवसापासून माझा हात काखेत जातो, पुन्हा पुन्हा, काही लागतंय का ते बघायला. दर वेळी डॉक्टर 'ठीक आहे' म्हणतात, आणि दर वेळी मी दवाखान्याबाहेर येऊन कुल्हडातला चहा पिते. सिस्टरला भेटून येते. गंगाजलला पुढे लेकरू झालं नाही. मुलीला घेऊन सौंदडला गेलो होतो तेव्हा गंगाजलनं तिला लांबून बघितलं, लाजल्यासारखी. मुलगी विचारत होती, "आई, ह्यांना काय म्हणू?" मी म्हटलं, "आई म्हण." तिनं म्हटलं. गंगाजल म्हणाली, "कोकनातलं बोलते, नाही?" आणि आत जाऊन पेज घेऊन आली.

दुधाची परतफेड नसते, हे मला तिसरी शिकूनही कळतं. तरी मनात एक धरलं आहे, ते इथे लिहून ठेवते. आमच्यात पहिलं बाळंतपण आईकडे होतं. माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण सौंदडला होईल. मी असले तर मी स्वतः तिला घेऊन त्या छोट्या गाडीनं जाईन. मी नसले तर हे नेतील, मी ह्यांच्याकडून तसं कबूल करून घेतलं आहे. मूल झालं की ते आधी गंगाजलच्या मांडीवर जाईल. आणि ती 'बस' म्हणेपर्यंत आमच्यापैकी कुणीही ते उचलणार नाही.